‘कमांड नॉट फाउंड’ आलं की पुन्हा इन्स्टॉल करण्याआधी

“मावशी, आत्ताच इन्स्टॉल केलं, झालं असंही आलं, आणि चालवायला गेले तर म्हणतंय कमांड नॉट फाउंड. काढून परत टाकू का?”

रविवारी संध्याकाळी भाचीचा फोन आला. माझ्या वडिलांचे, म्हणजे तिच्या आजोबांचे, टंकलिखित लेख तिने स्कॅन करून ठेवले होते. त्या पीडीएफमधला मजकूर शोधता यावा म्हणून उबुंटूवर ‘ओसीआरमायपीडीएफ’ हा प्रोग्रॅम तिने टाकला होता. मी म्हटलं, “थांब. काढू नकोस, टाकू नकोस. आधी तो कुठे बसलाय ते बघू.”

टर्मिनलला नुकतं सरावलेलं माणूस हा संदेश वाचून जवळजवळ दर वेळी हेच करतं. पुन्हा इन्स्टॉल करतं, मग इंटरनेटवर दिसेल ती ओळ चिकटवतं आणि अर्ध्या तासात मूळ अडचणीवर आणखी दोन अडचणी चढवून बसतं. शेल, म्हणजे टर्मिनलमध्ये आपल्या आज्ञा वाचून चालवणारा प्रोग्रॅम, जे सांगतंय ते नीट ऐकलं तर पाच मिनिटांत काम होतं. कुठल्या क्रमाने बघायचं, तेवढंच मी इथे लिहिलं आहे. उदाहरणं मुख्यतः उबुंटूवरची आणि बॅश शेलची आहेत. मॅकवाल्यांसाठी पुढे वेगळा भाग आहे.

लिहिण्याबद्दल एक खुलासा. आज्ञा मी फोनवर सांगते तशाच, उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाइप करायच्या. मोठी अक्षरं लागतील तिथे तसं सांगितलं आहे. रेघा, टिंबं आणि मधल्या मोकळ्या जागा मात्र लिहिल्या आहेत तशाच ठेवायच्या.

संदेशाचा खरा अर्थ

‘प्रोग्रॅम तुमच्या संगणकावर नाही’ असं हा संदेश म्हणतच नाही. ‘मला जिथे बघायला सांगितलंय तिथे या नावाचं काही सापडलं नाही’ एवढंच शेल सांगतं. या दोन वाक्यांत जो फरक आहे, त्यातच बहुतेक उत्तरं सापडतात.

तुम्ही एक शब्द टाइप करून एंटर दाबलं की शेल आधी आपल्या घरात बघतं: या नावाचं उपनाव, म्हणजे एलियस, कोणी ठरवून ठेवलंय का, फंक्शन आहे का, की ‘सीडी’, ‘एको’ यांसारखी शेलच्या पोटातलीच आज्ञा आहे? यातलं काही नसेल तर ते ‘पाथ’ नावाच्या यादीकडे वळतं. या यादीत फोल्डरांचे पत्ते अपूर्णविरामाने जोडून ठेवलेले असतात. शेल डावीकडून उजवीकडे एकेक फोल्डर उघडतं आणि त्या नावाची, चालवता येणारी फाइल दिसली की तीच घेऊन थांबतं. यादी संपली तरी काही मिळालं नाही, की ‘कमांड नॉट फाउंड’. बाकीची डिस्क ते चाळत नाही. १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर बोर्न शेल आलं, त्यातही पाथची यादी होती आणि आजही पद्धत तीच आहे.

तुमची यादी अशी पाहा. पाथ हा शब्द मोठ्या अक्षरांत:

एको $पाथ

सगळं एका लांबलचक ओळीत येतं आणि डोळे फिरतात. एका ओळीवर एक पत्ता हवा असेल तर:

एको $पाथ | टीआर : '\एन'

साध्या उबुंटूवर /यूएसआर/लोकल/बिन, /यूएसआर/बिन, /बिन, /स्नॅप/बिन असे आठ-दहा पत्ते दिसतील. ‘एसबिन’ने संपणारेही असतील. ही यादी एकदा शांतपणे वाचून काढा. पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं.

आधी संदेश अक्षर न् अक्षर वाचा

फोनवर लोक मला “एरर येतोय” एवढंच सांगतात. मी पूर्ण ओळ वाचायला लावते, कारण सारख्याच वाटणाऱ्या ओळींचे अर्थ पार वेगळे असतात.

‘बॅश: अमुक: कमांड नॉट फाउंड’ म्हणजे आपला नेहमीचा प्रकार. झेडशेल या दुसऱ्या शेलमध्ये क्रम उलटा असतो, नाव शेवटी येतं. ओळीच्या सुरुवातीला ‘सुडो:’ असेल तर तक्रार शेलची नाही, सुडोची (रूट, म्हणजे संगणकाच्या मुख्य खात्याच्या अधिकाराने दुसरी आज्ञा चालवून देणाऱ्या आज्ञेची) आहे, आणि सुडोची यादी वेगळी असते. सुरुवातीला एखाद्या फाइलचं नाव आणि ‘लाइन १२’ असं काही असेल तर तुम्ही दिलेली आज्ञा सापडलेली आहे. तिच्या पोटातली, बाराव्या ओळीवरची आज्ञा सापडत नाहीये.

‘परमिशन डिनाइड’ म्हणजे फाइल सापडली, पण चालवायची मुभा नाही. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’चं प्रकरण आणखी निराळं आहे, त्याकडे पुढे येते.

शंका असेल तर संदेश आल्यावर लगेच हे टाइप करा:

एको $?

१२७ आलं तर आज्ञा सापडली नाही. १२६ आलं तर सापडली, पण चालवता आली नाही. एका आकड्याने निम्मा शोध वाचतो.

नावातच चूक असेल तर

लहान-मोठं अक्षर इथे वेगळं धरलं जातं. ‘गिट’ सगळ्या लहान अक्षरांत लिहिलं तर चालतं, पहिलं अक्षर मोठं केलं की नाही. स्पेलिंग तर तपासालच. पण नजरेला न दिसणाऱ्या चुका जास्त छळतात.

मराठी टाइप करणाऱ्यांची खास चूक आधी सांगते, कारण इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शकांत ती सापडायची नाही. कीबोर्ड इनस्क्रिप्ट मराठीवर राहिलेला असतो आणि आपण सवयीने ‘एलएस’च्या, म्हणजे फोल्डरातल्या फायली दाखवणाऱ्या आज्ञेच्या, कळा दाबतो. पडद्यावर उमटतं ‘ते’. एल म्हणजे त, एस म्हणजे एकाराची मात्रा. मग शेल प्रामाणिकपणे सांगतं, ‘ते: कमांड नॉट फाउंड’. अक्षरं देवनागरी दिसली तर लक्षात येतंच. पण पासवर्ड टाकताना काहीच दिसत नाही, आणि तिथे माणूस दहा मिनिटं बरोबर पासवर्ड चुकीच्या लिपीत घालत बसतो. भाषा बदलायला उबुंटूवर सुपर म्हणजे विंडोजची कळ आणि स्पेसबार.

दुसरा गोंधळ चिकटवलेल्या ओळींचा. वेबपानावर आज्ञेच्या आधी $ छापलेलं असतं. ते फक्त ‘इथे टाइप करा’ असं दाखवणारं चिन्ह आहे. तेही कॉपी झालं की ‘$: कमांड नॉट फाउंड’ येतं. काही पानांवर आणि व्हॉट्सॲपवरून आलेल्या ओळींत साध्या आडव्या रेघेच्या जागी लांब डॅश घुसतो, सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वळणदार येतात. कधी साध्या स्पेसच्या जागी न तुटणारी स्पेस येते. दिसायला दोन्ही सारख्या, पण शेलला ती स्पेस वाटतच नाही, त्यामुळे दोन-तीन शब्द मिळून त्याला एकच लांब नाव दिसतं. संदेशात अख्खी आज्ञाच एक नाव असल्यासारखी छापली गेली तर हाच संशय घ्या. ओळ हाताने पुन्हा टाइप केली की प्रश्न मिटतो.

बरोबरच्या चिन्हाभोवतीची मोकळी जागाही अशीच. ‘पाथ = काहीतरी’ असं लिहिलं तर शेलला वाटतं पाथ नावाचा प्रोग्रॅम चालवायचा आहे, आणि ‘पाथ: कमांड नॉट फाउंड’ येतं. किंमत देताना = च्या दोन्ही बाजूंना जागा सोडायची नाही.

आणि काही वेळा तुम्ही बरोबर असता, नावच बदललेलं असतं. उबुंटू २०.०४ पासून नुसतं ‘पायथन’ आपोआप मिळत नाही, ‘पायथन३’ म्हणावं लागतं. जुनंच नाव हवं असेल तर ‘पायथन-इज-पायथन३’ नावाचं पॅकेज आहे. ‘इफकॉन्फिग’ आणि ‘नेटस्टॅट’ ‘नेट-टूल्स’ या पॅकेजात असतात आणि ते आता सोबत येत नाही. त्यांच्या जागी ‘आयपी ए’ आणि ‘एसएस’ शिकून घेतलेलं बरं. ‘बॅट’ आणि ‘एफडी’ ही दोन छान साधनं डेबियन-उबुंटूवर ‘बॅटकॅट’ आणि ‘एफडीफाइंड’ या नावांनी बसतात, कारण आधीची छोटी नावं दुसऱ्या पॅकेजांनी घेतलेली होती. शिकवणी दुसऱ्या लिनक्ससाठी लिहिलेली असेल तर असं होणारच.

प्रोग्रॅम डिस्कवर आहे का

नाव बरोबर आहे अशी खात्री झाली की शेलला विचारा:

टाइप -ए ओसीआरमायपीडीएफ

या नावाने शेलला जे जे ठाऊक आहे, उपनाव, फंक्शन, पोटातली आज्ञा, फाइल, ते सगळं हा सांगतो. थोडक्यात उत्तर हवं असेल तर ‘कमांड -व्ही’ आणि पुढे नाव. बरेच जण ‘विच’ वापरतात. बॅशमध्ये तो बाहेरचा प्रोग्रॅम आहे, फक्त पाथच्या यादीत बघतो, त्यामुळे उपनावं आणि फंक्शनं त्याला दिसत नाहीत. मी ‘टाइप’चीच सवय लावून घेतली आहे.

‘टाइप’लाही काही मिळालं नाही, म्हणजे यादीतल्या फोल्डरांत तो नाही. मग पॅकेज बसलंय का ते पाहा. एपीटीने, म्हणजे उबुंटूच्या स्वतःच्या इन्स्टॉलरने, टाकलं असेल तर त्या पॅकेजने कुठे काय ठेवलं, हे विचारता येतं. उदाहरणार्थ, चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या टेसरॅक्टचं पॅकेज:

डीपीकेजी -एल टेसरॅक्ट-ओसीआर | ग्रेप बिन

यातला एल मोठा. लहान एल दिला तर वेगळीच यादी येते. या ओळीने आणखी एक गोष्ट कळते: पॅकेजचं नाव आणि आज्ञेचं नाव एकच असेल असं नाही. पॅकेज ‘टेसरॅक्ट-ओसीआर’, आज्ञा नुसती ‘टेसरॅक्ट’. पॅकेज ‘रिपग्रेप’, आज्ञा ‘आरजी’. पॅकेज ‘इमेजमॅजिक’, आज्ञा ‘कन्व्हर्ट’. पीडीएफमधून मजकूर काढणारं ‘पीडीएफटूटेक्स्ट’ मिळतं ‘पॉपलर-युटिल्स’मधून. पॅकेजचं नाव टाइप करून ‘चालत नाही’ म्हणणारे मला बरेच भेटले आहेत. त्यांचं पॅकेज ठणठणीत असतं.

उलट्या दिशेचा प्रश्न, म्हणजे ही आज्ञा कुठल्या पॅकेजात मिळेल, यासाठी उबुंटू बऱ्याचदा स्वतःच सुचवतं: ‘सुडो एपीटी इन्स्टॉल अमुक’ करा. सुचवलं म्हणून लगेच एंटर मारू नका. ‘एलएस’ऐवजी घाईत ‘एसएल’ टाइप केलंत तर तो ‘एसएल’ नावाचं पॅकेज सुचवेल, आणि त्यात पडद्यावरून धावणारं वाफेचं इंजिन आहे. तुमची चूक टायपिंगची, आणि तो इन्स्टॉल करायला सांगणार. सूचना आली नाही तर ‘एपीटी-फाइल सर्च’ आहे. ते आधी टाकावं लागतं आणि ‘सुडो एपीटी-फाइल अपडेट’ करावं लागतं. फेडोरावर ‘डीएनएफ प्रोव्हाइड्स’ आणि आर्चवर ‘पॅकमॅन -एफ’, एफ मोठा.

एपीटीबाहेरून टाकलेलं असेल, पिपएक्स, एनपीएम, कार्गो अशा दुसऱ्या इन्स्टॉलरने किंवा नुसती झिप उघडून, तर घरच्या फोल्डरात शोधा:

फाइंड ~ -नेम 'ओसीआरमायपीडीएफ*' २>/डेव्ह/नल

~ म्हणजे तुमचं घरचं फोल्डर. शेवटच्या तुकड्यामुळे ‘या फोल्डरात जायची परवानगी नाही’ अशी बडबड गप्प होते. भाचीच्या संगणकावर या आज्ञेने दोन-चार ओळी दिल्या आणि त्यात एक होती ~/.लोकल/बिन/ओसीआरमायपीडीएफ. काखेत कळसा आणि गावाला वळसा. फाइल घरातच होती, फक्त पाथच्या यादीत तो पत्ता नव्हता.

आहे, पण यादीबाहेर

अशा वेळी आधी पूर्ण पत्ता देऊन चालवून बघायचं. नावात तिरपी रेघ असली की शेल यादी बघतच नाही, सरळ त्या जागी जातं:

~/.लोकल/बिन/ओसीआरमायपीडीएफ --व्हर्जन

आवृत्तीचा आकडा आला म्हणजे प्रोग्रॅम धडधाकट आहे. पुन्हा इन्स्टॉल करायचा विषय तिथेच संपला.

तुम्ही स्वतः लिहिलेली किंवा डाउनलोड केलेली फाइल याच कारणाने चालत नाही. तुम्ही उभे आहात तेच फोल्डर पाथमध्ये नसतं. म्हणून ‘./माझी-फाइल.एसएच’ असं आधी टिंब आणि रेघ लावून म्हणावं लागतं. ‘परमिशन डिनाइड’ आलं तर ‘सीएचमॉड +एक्स’ करून मुभा द्यायची. टिंब कायमचं पाथमध्ये घालून टाकावं, असा सल्ला कधी कधी मिळतो. तो मानू नका. कुठल्या तरी डाउनलोड केलेल्या फोल्डरात कोणी ‘एलएस’ नावाची फाइल पेरून ठेवली असेल, तर नकळत तुम्ही ती चालवू शकता.

आता यादीत भर घालायची. तात्पुरती, फक्त या खिडकीपुरती:

एक्सपोर्ट पाथ="$होम/.लोकल/बिन:$पाथ"

पाथ आणि होम मोठ्या अक्षरांत. या ओळीत शेवटचं ‘:$पाथ’ सगळ्यात महत्त्वाचं. ‘आणि आधीची यादीही राहू दे’ असं ते म्हणतं. ते विसरलं की जुनी यादी पुसली जाते.

चाललं की कायमचं करायचं, आणि इथे थोडं रेंगाळते, कारण ‘फाइलमध्ये ओळ लिहिली, तरी उपयोग नाही’ ही तक्रार सगळ्यांत जास्त येते. बॅश सुरू होताना कुठली फाइल वाचतं, हे ते कसं सुरू झालं यावर ठरतं. लॉगिन शेल, म्हणजे लॉगिन करताना सुरू होणारं शेल, असेल तर ते .बॅश_प्रोफाइल, .बॅश_लॉगिन आणि .प्रोफाइल या तिघांपैकी जी पहिली सापडेल तेवढी एकच वाचतं. डेस्कटॉपवर उघडलेली टर्मिनलची साधी खिडकी लॉगिन शेल नसते, ती .बॅशआरसी वाचते. त्यामुळे एखाद्या इन्स्टॉलरने किंवा तुम्हीच कधी तरी .बॅश_प्रोफाइल बनवलीत तर तिच्यामागे असलेली .प्रोफाइल लॉगिन शेल वाचतच नाही. काल चालत होतं, आज नाही, असं झालं तर ‘एलएस -ए ~’ करून ही फाइल नव्याने उगवली आहे का ते आधी बघा.

भाचीचं नेमकं काय झालं ते आता जवळून पाहू. उबुंटूच्या .प्रोफाइलमध्ये आधीपासूनच एक तुकडा असतो: ~/.लोकल/बिन हे फोल्डर अस्तित्वात असेल, तर ते पाथमध्ये घाल. ही तपासणी लॉगिनच्या वेळी होते. सकाळी तिने लॉगिन केलं तेव्हा ते फोल्डरच नव्हतं. दुपारी पिपएक्सने ते पहिल्यांदा बनवलं आणि आत फाइल ठेवली. शेलजवळ मात्र सकाळचीच यादी. पिपएक्सने तशी सूचनाही छापली होती, ‘हे फोल्डर तुमच्या पाथवर नाही, पिपएक्स एन्शुअरपाथ चालवा’ अशा अर्थाची, पण वरचं ‘इन्स्टॉल्ड’ वाचून तिने खालचं सोडून दिलं होतं. उपाय एवढाच: लॉगआउट करून पुन्हा लॉगिन. टर्मिनल बंद करून उघडणं इथे पुरत नाही, कारण नवी खिडकीही चालू सत्राचीच यादी उचलते.

.बॅशआरसीमध्ये ओळ घातली असेल तर ‘सोर्स ~/.बॅशआरसी’ केलं की त्या खिडकीत लगेच लागू होते. मी पाथच्या ओळी .प्रोफाइलमध्ये आणि उपनावं .बॅशआरसीमध्ये ठेवते. पाथ .बॅशआरसीत ठेवला की शेलमध्ये शेल उघडताना तोच पत्ता पुन्हा पुन्हा जोडला जातो आणि यादी फुगत जाते.

यादीच पुसली गेली असेल तर

एलएस नाही, नॅनो नाही, सुडो नाही, काहीच सापडत नाही. पहिल्यांदा हे झालं की धस्स होतं. डिस्कवरचं काहीही गेलेलं नाही. ‘एको’ आणि ‘सीडी’ अजून चालतात, कारण ते शेलच्या पोटातच आहेत. या खिडकीपुरती यादी हाताने परत द्या:

एक्सपोर्ट पाथ=/यूएसआर/लोकल/बिन:/यूएसआर/बिन:/बिन:/यूएसआर/एसबिन:/एसबिन

लगेच सगळं जाग्यावर येतं. मग नॅनो या साध्या मजकूर-संपादकात, ‘नॅनो ~/.बॅशआरसी’ किंवा ‘नॅनो ~/.प्रोफाइल’ असं म्हणून, फाइल उघडा आणि बिघडलेली ओळ शोधा. बहुधा ‘$पाथ’ राहिलेलं असतं किंवा एक अवतरणचिन्ह बंद झालेलं नसतं. डेस्कटॉपच उघडत नसेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून मजकुराच्या पडद्यावर लॉगिन करा आणि हेच करा. आणि फाइल दुरुस्त केल्यावर जुनी खिडकी लगेच मिटू नका. नवी उघडून एकदा ‘एलएस’ करून पाहा, मगच जुनी बंद करा.

मला सापडतं, सुडोला सापडत नाही

सुडो तुमची यादी वापरत नाही. उबुंटू-डेबियनवर त्याच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युअर पाथ’ नावाची स्वतःची यादी असते, आणि हे मुद्दाम केलेलं आहे: तुमच्या घरच्या फोल्डरातलं काहीतरी चुकून रूटच्या अधिकाराने चालू नये. गरजच असेल तर सुडोपुढे पूर्ण पत्ता द्या. पण त्याआधी विचारा, सुडो लागतोय कशाला? स्वतःच्या फायलींवर काम करणाऱ्या साधनाला तो लागायला नको.

डेबियनवर वेगळीच गाठ आहे. साध्या वापरकर्त्याच्या यादीत ‘एसबिन’ची फोल्डरं नसतात, आणि २०१९ च्या डेबियन १० पासून नुसतं ‘एसयू’ केलं तर रूट झाल्यावरही जुनीच यादी सोबत येते. मग ‘यूजरमॉड: कमांड नॉट फाउंड’ येतं आणि माणूस चक्रावतो. ‘एसयू -’ असं पुढे रेघ देऊन म्हणा, म्हणजे रूटची स्वतःची यादी मिळते.

क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या व्यवस्थेत, लावलेलं काम हाताने चालतं आणि रात्री चालत नाही, त्याचं कारणही हेच. डेबियन-उबुंटूवर क्रॉनला नुसतं /यूएसआर/बिन आणि /बिन एवढंच ठाऊक असतं, तुमची .बॅशआरसी ते वाचत नाही. क्रॉनमध्ये नेहमी पूर्ण पत्ते लिहा.

फाइल समोर दिसते, तरी ‘नो सच फाइल’

यामागे सहसा तीन कारणं असतात. (दुसऱ्या आणि तिसऱ्या कारणासाठी नवं बॅश ‘रिक्वायर्ड फाइल नॉट फाउंड’ असंही म्हणतं.) पहिलं, बॅशने आज्ञेचा पत्ता लक्षात ठेवलेला असतो आणि तुम्ही फाइल हलवलेली असते. ‘हॅश -आर’ केलं की बॅश आठवण पुसून नव्याने शोधतं. झेडशेलमध्ये ‘रीहॅश’.

दुसरं, स्क्रिप्ट विंडोजवर लिहिलेली. विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य चिन्ह ठेवतं. पहिल्या ओळीवर ‘बॅशने चालव’ असं लिहिलेलं असतं, त्याला ते चिन्ह चिकटतं आणि शेल ‘बॅश-अधिक-चिन्ह’ नावाचा प्रोग्रॅम शोधत राहतं. ‘कॅट -ए’, ए मोठा, केल्यावर ओळींच्या शेवटी ^एम दिसलं तर हेच आहे. ‘डॉसटूयुनिक्स’ हे साधन, टूच्या जागी आकडा २, त्या फाइलवर चालवलं की साफ होतं.

तिसरं, जुना ३२ बिटचा प्रोग्रॅम ६४ बिटच्या संगणकावर. प्रोग्रॅम असतो, त्याला सुरू करणारा लोडर नसतो, आणि ‘नाही’ हे त्या लोडरबद्दल म्हटलेलं असतं. ‘फाइल’ नावाच्या आज्ञेला त्या प्रोग्रॅमचा पत्ता दिला की ३२ की ६४ ते कळतं.

मॅकवर

२०१९ च्या कॅटालिनापासून नव्या खात्यांना झेडशेल मिळतं. जुन्या शिकवणीतून .बॅश_प्रोफाइलमध्ये घातलेली ओळ झेडशेल वाचत नाही. ती .झेडप्रोफाइल किंवा .झेडएसएचआरसीमध्ये हवी. होमब्रू, म्हणजे मॅकवर प्रोग्रॅम टाकायचं साधन (त्याची आज्ञा ‘ब्रू’), इंटेल मॅकवर /यूएसआर/लोकलमध्ये बसतं, तो पत्ता यादीत आधीच असतो. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर ते /ऑप्ट/होमब्रूमध्ये बसतं, तो नसतो. म्हणून इन्स्टॉल यशस्वी होऊनही ‘ब्रू’ सापडत नाही. इन्स्टॉलर शेवटी ‘नेक्स्ट स्टेप्स’ म्हणून चालवायच्या ओळी देतो, त्या चालवा. आणि नुसतं ‘पायथन’ मॅकओएस १२.३ मध्ये, २०२२ साली, काढून टाकलं गेलं. तिथेही ‘पायथन३’.

एवढं करूनही अडलं आणि कोणाला विचारायची वेळ आली, तर पडद्याचा फोटो पाठवू नका. तुम्ही टाइप केलेली ओळ, आलेला पूर्ण संदेश, ‘एको $पाथ’ आणि ‘टाइप -ए’चं उत्तर, आणि प्रोग्रॅम कशाने टाकला ते, एवढं मजकूर म्हणून कॉपी करून पाठवा. यावरून समोरच्याला उत्तर सांगता येतं. नाही तर हीच चार माहिती तो एकेक करून मागत बसतो.

भाचीने लॉगआउट केलं, परत आली, आज्ञा दिली. ओसीआरमायपीडीएफ चालू झालं आणि क्षणात थांबलं: टेसरॅक्ट सापडत नाही. मी फोनवर काही बोलायच्या आत पलीकडून कळांचा आवाज आला. “टाइप -ए दिलं मावशी. खरंच नाहीये, कुठेच नाही. पॅकेजचं नाव टेसरॅक्ट-ओसीआर, बरोबर?” बरोबर. त्याच्याबरोबर मराठीसाठीचं ‘टेसरॅक्ट-ओसीआर-एमएआर’ही तिला टाकायला सांगितलं. मग ‘टेसरॅक्ट --लिस्ट-लँग्ज’ दिल्यावर यादीत एमएआर दिसलं, तिने ‘-एल एमएआर’ लावून पहिला लेख चढवला आणि मला आजोबांच्या त्या लेखातला एक शब्द शोधून वाचून दाखवला.